अंकाऱ्याचे पत्र : खिलाफत संपवणारा शरियतचा प्राध्यापक

अंकारा

खिलाफत, म्हणजे मुस्लिम जगाच्या खलिफाचे पद, काय हे मालेगावकरांना सांगायला नको. 25 एप्रिल 1921 रोजी ते पद टिकवण्यासाठीच्या खिलाफत चळवळीतील स्वयंसेवकांना झालेल्या शिक्षेवरून तिथे जमाव खवळला आणि एक पोलीस फौजदार मारला गेला. गांधीजींनी त्या हिंसेचा स्पष्ट शब्दांत निषेध केला. पुढे या प्रकरणात सुलेमान शहा आणि त्यांचे साथीदार येरवड्यात फासावर गेले. त्यांचे स्मारक ‘शहीदों की यादगार’ आजही गावात उभे आहे.

त्या दंगलीला तीन वर्षेही झाली नव्हती, तोच 3 मार्च 1924 रोजी खुद्द तुर्कस्ताननेच खिलाफत मोडीत काढली. हे काम एकट्या राष्ट्राध्यक्ष केमाल पाशांच्या नावावर जमा होते. पण त्या दिवशी तिथल्या संसदेला पटेल असा शास्त्राधार मांडला तो सय्यद बे या माणसाने. मराठीत त्यांच्याबद्दल कुणी लिहिलेले माझ्या वाचनात नाही, म्हणून आजचे पत्र त्यांच्यावर.

सय्यद बे 1873चे, इझमीरचे. इस्तंबूलच्या विद्यापीठात ते इस्लामी न्यायशास्त्राची मूलतत्त्वे शिकवत. 1908च्या क्रांतीनंतर तरुण तुर्कांच्या पक्षातर्फे ते संसदेत आले. महायुद्ध हरल्यावर इंग्रजांनी त्यांना माल्टाला हद्दपार केले. म्हणजे मालेगावला शिक्षा ठोठावणारे सरकार आणि यांना हद्दपार करणारे सरकार एकच. 1923मध्ये ते नव्या राजवटीचे न्यायमंत्री झाले.

जुने संसदभवन इथल्या उलुस भागात आहे. आता तिथे संग्रहालय आहे. छोटीशी दगडी इमारत, आत शाळेतून आणलेली बाके. त्या बाकांसमोर सय्यद बे उभे राहिले आणि खूप वेळ बोलले. त्यांचे म्हणणे असे : खिलाफत हा श्रद्धेचा विषय नाही, तो राज्यकारभाराचा आहे. खलिफा हा लोकांनी नेमलेला मुखत्यार. ज्यांनी मुखत्यारपत्र दिले, त्यांना ते परत घेण्याचाही हक्क आहे. खरी खिलाफत पैगंबरांनंतर तीस वर्षेच टिकली, पुढे उरली ती नुसती बादशाही. हे सारे त्यांनी हदीस आणि जुन्या फकीहांचे, म्हणजे इस्लामी न्यायशास्त्रज्ञांचे, दाखले देत मांडले. युरोपातून उसना आणलेला युक्तिवाद त्यांना लागलाच नाही आणि मला त्यांचा खरा मोठेपणा यातच दिसतो. त्यानंतर विरोधात बोलणारे फारसे कुणी उरले नाही. अखेरचे खलिफा अब्दुलमजीद यांना दुसऱ्या दिवशी पहाटेच इस्तंबूलबाहेर नेले आणि आगगाडीने स्वित्झर्लंडकडे रवाना केले.

त्याच दिवशी आणखी दोन कायदे झाले. एकाने सारे शिक्षण एका मंत्रालयाखाली आणले, त्यात मदरसेही आले. दुसऱ्याने धर्मव्यवहारासाठी सरकारी खाते उघडले. इथे मशिदीच्या इमामाला पगार आजही तेच खाते देते. तुर्की धर्मनिरपेक्षता आपल्यापेक्षा वेगळी आहे ती इथे : धर्मापासून दूर राहण्याऐवजी सरकारने तो आपल्या हाताखाली घेतला.

सय्यद बेंना याचे फळ काय मिळाले? तीनच दिवसांनी नवे मंत्रिमंडळ आले, त्यात त्यांना जागा नव्हती. मार्च 1925मध्ये ते वारले. पुढल्या वर्षी तुर्कस्तानने स्वित्झर्लंडचा दिवाणी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला आणि ज्या शास्त्राच्या बळावर खिलाफत संपवली, ते शास्त्रच न्यायालयांतून हद्दपार झाले. त्यांच्या विद्वत्तेचा गरजेपुरता वापर झाला, असेच मला वाटते.

खिलाफत गेली, पण तिच्यासाठी हिंदुस्थानातल्या गरिबांनी गोळा केलेला पैसा मात्र अंकाऱ्यात पोहोचला होता. त्यातलाच काही भाग 1924मध्ये निघालेल्या इश बँकेच्या भांडवलात गेला. ती आज तुर्कस्तानातल्या मोठ्या बँकांपैकी एक आहे.

मालेगावच्या फासावर गेलेल्यांचे बलिदान खिलाफत संपल्यामुळे व्यर्थ ठरले, असे मी मानत नाही. ते परक्या सत्तेविरुद्ध उठले होते, आणि ती सत्ता परकीच होती. पण ज्या गावाने खिलाफतीसाठी एवढी किंमत मोजली, त्या गावाला सय्यद बेंची बाजूही माहीत असायला हवी. त्यांचे भाषण त्याच वर्षी पुस्तकरूपाने छापले गेले. मालेगावात उर्दू, अरबी आणि मराठी जाणणारे अभ्यासक आहेत. त्यांच्यापैकी कुणीतरी ते मराठीत आणण्याचे मनावर घ्यावे.