कीर्द आहे, खतावणी कुठे?

जुन्या पेढीवरच्या हिशेबनिसाकडे दोन वह्या असत. व्यवहार जसे घडतील तसे ज्या वहीत तारीखवार टिपले जात, ती रोजकीर्द. त्याच नोंदी पुढे ज्या वहीत माणसाच्या किंवा बाबीच्या खात्यावर चढविल्या जात, ती खतावणी. कोणत्या दिवशी काय घडले हे कीर्द सांगे. अमुक एका खात्याची आजची स्थिती काय, हे खतावणी. पेढीला दोन्हींची गरज भासे.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणाऱ्या संवाद-सहायकांनी आपल्या हाती आजवर बहुतांशी कीर्दच दिली आहे. 'चॅटजीपीटी' ३० नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वांसाठी खुले झाले. अशा सहायकांमध्ये पडद्याच्या एका कडेला जुन्या संवादांची यादी असते. सर्वांत ताजा संवाद सर्वांत वर आणि शीर्षक यंत्रानेच सुरुवातीच्या मजकुरावरून दिलेले. दहा-वीस संवाद असेपर्यंत ही व्यवस्था पुरते. संख्या शेकड्यांत गेली की अडचण सुरू होते. गृहकर्जाच्या हप्त्यापासून निघालेली चर्चा आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापर्यंत पोहोचते. शीर्षक मात्र 'गृहकर्जाची चौकशी' हेच राहते. शस्त्रक्रियेविषयीचा मजकूर त्या नावाखाली असेल, हे सहा महिन्यांनी कोणाच्या ध्यानात राहणार?

यावर पहिला उपाय शोधाचा. ओपनएआयने जुने संवाद शोधण्याची सोय ऑक्टोबर २०२४ मध्ये आणली. मात्र केवळ शब्द जुळवून होणाऱ्या शोधात नेमका शब्द आठवावा लागतो. आपण 'हप्ता' शोधतो आणि संवादात 'ईएमआय' असतो. अर्थावर आधारित शोध ही उणीव बरीचशी भरून काढतो. त्यात मजकुराच्या प्रत्येक तुकड्याचे संख्यांच्या मालिकेत रूपांतर होते. समान अर्थाच्या तुकड्यांच्या मालिका एकमेकींच्या जवळ येतात, त्यामुळे शब्द वेगळा असला तरी आशय सापडतो.

दुसरा उपाय वर्गीकरणाचा. अँथ्रॉपिकने 'क्लॉड'मध्ये जून २०२४ मध्ये, तर ओपनएआयने डिसेंबर २०२४ मध्ये 'प्रोजेक्ट्स' ही सोय दिली. एका कामाचे संवाद आणि कागदपत्रे तिथे एकत्र ठेवता येतात. पण कप्पे केले की वरचा संवाद कोणत्या कप्प्यात घालायचा, कर्जाच्या की आरोग्याच्या? हा पेच ग्रंथपालांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ साली मांडलेल्या द्विबिंदू वर्गीकरणात पुस्तकाच्या विषयाची निरनिराळ्या पैलूंत फोड केली जाते. २००४ साली आलेल्या 'जीमेल'नेही एका पत्राला अनेक 'लेबले' लावण्याची मुभा दिली. संवादांनाही तीच हवी. आणि लेबल संपूर्ण संवादाला नव्हे, त्यातल्या परिच्छेदालाही लावता यावे.

खरा धोका याहून पुढचा आहे. संवादात आपण चुका दुरुस्त करीत जातो. सहायक आधी एक आकडा सांगतो, आपण शंका घेतो, मग तो दुसरा आकडा देतो. आधीचा प्रश्न बदलून विचारला तर संवादाला फाटा फुटतो आणि जुनी शाखा दृष्टीआड होते. पुढे शोध घेताना चुकीचे आणि दुरुस्त केलेले, अशी दोन्ही उत्तरे सारख्याच रुबाबात समोर येऊ शकतात. औषधाच्या मात्रेसारख्या बाबतीत ही गफलत महागात पडेल.

म्हणून सांभाळायचा घटक 'संवाद' नसून 'निष्कर्ष' असावा. चर्चा संपताना सहायकाने काय ठरले, काय रद्द झाले आणि काय उरले, याची चार ओळींची नोंद सुचवावी; वापरणाऱ्याने ती तपासून मान्य करावी. यंत्राचा सारांशही चुकू शकतो, म्हणून प्रत्येक ओळीवरून मूळ जागी जाता आले पाहिजे. खतावणीतल्या नोंदीपुढे कीर्दीचे पान लिहितात, ते याचसाठी.

आता सहायक स्वतःच जुन्या संवादांचा आधार घेऊ लागले आहेत. 'चॅटजीपीटी'त ही सोय एप्रिल २०२५ मध्ये आली. सोय मोठी, पण यंत्राने आपल्याविषयी काय लक्षात ठेवले हे दिसणे आणि ते खोडता येणे तितकेच गरजेचे. 'चॅटजीपीटी'त संवाद पुसला तरी त्यातून वेगळी साठविलेली आठवण आपोआप पुसली जात नाही. २०२५ साली तर अमेरिकेतील एका खटल्यात न्यायालयाने दिलेल्या आदेशामुळे वापरकर्त्यांनी पुसलेले संवादही काही महिने जपून ठेवणे ओपनएआयला भाग पडले होते. 'पुसा' या कळीचा नेमका अर्थ त्या कळीशेजारीच लिहिलेला असावा.

तोवर आपल्या हाती काही साधे उपाय आहेत. विषय बदलला की नवा संवाद सुरू करावा, शीर्षक स्वतः बदलावे आणि महत्त्वाच्या चर्चेअखेर तारखेसह निष्कर्ष मागून तो आपल्याकडे उतरवून ठेवावा. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथा नियम, १९३१ सालचा. उत्तर क्षणात देणाऱ्या यंत्राने तेच उत्तर पुन्हा शोधण्यात आपला तास घालवला, तर वाचलेला वेळ जमेस कसा धरायचा?