पडद्यावरचा ‘आपला’ माणूस : के-पॉप आयडॉल, चाहते आणि एकतर्फी नाते

ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल येथे एसएम एंटरटेनमेंट या कंपनीच्या इमारतीबाहेर शेकडो पुष्पचक्रे रांगेने उभी करण्यात आली. कोरियात अशी पुष्पचक्रे अंत्यविधीला पाठवतात. येथे मात्र कोणाचाही मृत्यू झालेला नव्हता. ‘राईझ’ या गटातील सुंगहान हा २१ वर्षांचा गायक गटात परत येणार, असे कंपनीने जाहीर केले होते. त्याचा दोष काय? गटात येण्यापूर्वीची, एका मुलीसोबतची त्याची खासगी छायाचित्रे बाहेर फुटली होती. त्यावरून तो जवळजवळ वर्षभर कामापासून दूर होता. परतीच्या घोषणेनंतर अवघ्या दोन दिवसांत कंपनीने निर्णय फिरवला आणि सुंगहानला गट कायमचा सोडावा लागला.

ती पुष्पचक्रे पाठवणारे कोणी शत्रू नव्हते. ते त्याच गटाचे चाहते होते. प्रेम करणारी माणसे जिवंत तरुणाच्या नावाने अंत्यविधीची फुले का पाठवतात, हे समजून घ्यायचे असेल तर ‘पॅरासोशल’ नाते म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागेल.

एकतर्फी नाते म्हणजे काय?

१९५६ साली डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी ही संकल्पना मांडली. तेव्हा दूरचित्रवाणी घराघरांत पोहोचत होती. कार्यक्रमाचा सूत्रधार कॅमेऱ्यात पाहून असा बोलतो की, घरी बसलेल्या प्रेक्षकाला तो आपल्याशीच बोलतोय असे वाटते. प्रेक्षकाला त्याच्या सवयी, त्याचे विनोद, त्याची मनःस्थिती ठाऊक होते. त्याला मात्र हा प्रेक्षक जगात आहे, हेही माहीत नसते. ओळख एका बाजूची आणि जिव्हाळाही एकाच बाजूचा.

हा आजार नाही, हे आम्ही सुरुवातीलाच स्पष्ट करतो. मालिकेतील पात्रासाठी रडणारी आजी आणि क्रिकेटपटू बाद झाला म्हणून न जेवणारा मुलगा यांचे नातेही याच जातीचे. दूरच्या माणसावर जीव लावणे हा माणसाचा स्वभाव आहे. प्रश्न तेव्हा निर्माण होतो, जेव्हा या स्वभावावर एखादा उद्योग उभा राहतो.

जिव्हाळ्याचा बाजार

कोरियात १९९६ मध्ये एसएम कंपनीने ‘एच.ओ.टी.’ हा गट आणला आणि आजच्या आयडॉल पद्धतीचा पाया घातला गेला. किशोरवयीन मुले-मुली निवडायची, त्यांना काही वर्षे गाणे, नाच, भाषा, कॅमेऱ्यासमोरचे वागणे शिकवायचे आणि मग गट म्हणून समोर आणायचे. गाण्याबरोबर त्या मुलांचे जेवण, थट्टामस्करी, रडणे, थकणेही चाहत्यांपुढे मांडले जाते. त्यामुळे चाहत्याला वाटते, ‘याला मी घडताना पाहिले आहे.’

पुढे तंत्रज्ञानाने हे अंतर आणखी कमी केले. २०१५ मध्ये ‘व्ही लाइव्ह’वर आयडॉल आपल्या खोलीतून थेट बोलू लागले. २०१९ मध्ये बीटीएसच्या कंपनीने ‘वीव्हर्स’ आणले. २०२० मध्ये आलेले ‘बबल’ तर खास समजून घेण्यासारखे आहे. तेथे एकेका आयडॉलसाठी दरमहा वर्गणी भरायची. मग त्याचे संदेश तुमच्या फोनवर मित्राच्या चॅटसारखे येतात. ‘जेवलीस का?’ या वाक्यात तुमचे नावही असते. प्रत्यक्षात तो एकच संदेश सर्व वर्गणीदारांना गेलेला असतो आणि नाव अॅपने जागच्या जागी भरलेले असते. तुमचे उत्तर त्याच्याकडे हजारो उत्तरांच्या लोंढ्यातून वाहत जाते. सलग जितके दिवस वर्गणी भराल, तितकी तुमच्या उत्तरातील अक्षरांची मर्यादा वाढत जाते. म्हणजे चार शब्द जास्त बोलता यावेत म्हणूनही पैसे मोजत राहायचे.

अल्बमचेही तेच. आत कोणाचे फोटोकार्ड निघेल हे सांगता येत नाही, म्हणून आवडत्याचे कार्ड मिळेपर्यंत तोच अल्बम पुन्हा पुन्हा घेतला जातो. आयडॉलशी मिनिटभर समोरासमोर बोलण्याच्या सोडतीत प्रत्येक अल्बम म्हणजे एक चिठ्ठी. त्यामुळे काही चाहते एकाच अल्बमच्या डझनावारी प्रती घेतात आणि उरलेल्या सीडी कचऱ्यात जातात. या कचऱ्याविरुद्ध २०२१ पासून ‘केपॉप फॉर प्लॅनेट’ ही चाहत्यांचीच मोहीम उभी आहे.

किंमत कोण मोजतो?

पैसा, वेळ आणि मन ओतलेल्या चाहत्याला हळूहळू वाटू लागते की, या माणसावर माझा हक्क आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘एस्पा’ गटातील करीना आणि अभिनेता ली जे-वूक यांच्या प्रेमाची बातमी आली. काही चाहत्यांनी कंपनीसमोर फलक लावलेला ट्रक उभा केला. आमचे प्रेम तुला पुरत नाही का, असा त्याचा आशय होता. करीनाने स्वतःच्या हस्ताक्षरात माफीनामा लिहिला. काही आठवड्यांत ते नातेही संपले. २३ वर्षांच्या मुलीने प्रेम केले म्हणून जगाची माफी मागावी, हे आपल्याला सहज पटते का?

याच हक्काच्या भावनेचे टोक म्हणजे ‘सासेंग’. कोरियन भाषेत हा शब्द ‘खासगी आयुष्य’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. हे लोक आयडॉलच्या घरापर्यंत पाठलाग करतात आणि फोन नंबर, विमानाची माहिती मिळवतात. दुसऱ्या टोकाला शिवीगाळ असते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दीर्घकाळ द्वेषपूर्ण टिप्पण्या सोसलेल्या सुली या गायिकेचा मृत्यू झाला. त्यानंतर काकाओ कंपनीने आपल्या ‘दाउम’ या संकेतस्थळावरील मनोरंजन बातम्यांखालच्या टिप्पण्या बंद केल्या. मार्च २०२० मध्ये ‘नेव्हर’नेही तेच केले.

आयडॉल हा कामगारही आहे, हे आपण विसरतो. २००९ मध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ गटातील तिघांनी १३ वर्षांच्या कराराविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी कोरियाच्या स्पर्धा नियामक संस्थेने आदर्श करार तयार करून मुदत सात वर्षांवर आणली. मुदत कमी झाली, पण हसतमुख, एकटे आणि सर्वांना उपलब्ध राहण्याची अपेक्षा कोणत्याही करारात मोजलेली नसते. चाहत्याचे एकटेपण आणि आयडॉलचे श्रम या दोन्हींवर नफा कमावणारा तिसराच असतो. चाहते भांडतात मात्र आयडॉलशी.

तीच ताकद, दुसरी दिशा

नाण्याची दुसरी बाजू कार्यकर्त्यांनी जरूर पाहावी. जून २०२० मध्ये बीटीएसने अमेरिकेतील ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ चळवळीला १० लाख डॉलर दिले. त्यांच्या ‘आर्मी’ने साधारण एका दिवसात तितकीच रक्कम उभी केली. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री कोरियाचे राष्ट्राध्यक्ष यून सक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. त्याविरुद्ध रस्त्यावर उतरलेल्या गर्दीत तरुणी मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांच्या हातात आपापल्या गटांच्या लाइटस्टिक होत्या. ‘गर्ल्स जनरेशन’चे २००७ चे ‘इंटू द न्यू वर्ल्ड’ हे गाणे आंदोलनाचे गाणे झाले. आययू या गायिकेने आंदोलनात जाणाऱ्या आपल्या चाहत्यांसाठी जवळच्या दुकानांत खाण्यापिण्याचे पैसे आधीच भरून ठेवले. १४ डिसेंबरला संसदेने महाभियोग मंजूर केला आणि ४ एप्रिल २०२५ रोजी घटनात्मक न्यायालयाने यून यांना पदावरून हटवले.

पुष्पचक्रांसाठी वर्गणी गोळा करण्याचे कौशल्य आणि लोकशाहीसाठी रस्त्यावर उतरण्याचे कौशल्य एकच आहे. दोन्हीकडे रातोरात निरोप पोहोचवणे, हिशेब ठेवणे, शिस्तीने उभे राहणे लागते. फरक इतकाच की, एकीकडे सारी नजर एका माणसावर खिळलेली असते आणि दुसरीकडे चाहते एकमेकांकडे वळलेले असतात. आयडॉल आपल्याला ओळखत नाही. पण शेजारी लाइटस्टिक धरून उभी असलेली मुलगी ओळखू शकते. ते नाते दुतर्फी आहे.

आपल्यासाठी

२०२५ मध्ये बीटीएसच्या हायब कंपनीने मुंबईत आपली भारतीय कंपनी सुरू केली. म्हणजे हा उद्योग आता आपल्या दारात आला आहे. आपल्या घरातील, वस्तीतील मुले-मुली ही गाणी ऐकत असतील तर त्यांची टिंगल करू नका, असे आम्ही आग्रहाने सांगू. एकाकी संध्याकाळी एखाद्या गाण्याने कोणाला आधार दिला असेल, तर तो आधार खरा आहे.

मात्र प्रत्येक चाहत्याने स्वतःला काही प्रश्न विचारावेत. मी गाण्यासाठी पैसे देतोय, की कोणीतरी मला ‘जेवलास का’ विचारावे म्हणून? त्याने प्रेम केले, लग्न केले, गाणे सोडले, तर मला आनंद होईल की फसवल्यासारखे वाटेल? माझ्या मैत्रिणीशी, भावाशी, आईशी मी शेवटचे मनमोकळे कधी बोललो? कंपनीविषयीचा राग मी त्या मुलामुलींवर तर काढत नाही ना?

उत्तरे प्रामाणिक असली तर गाणी बंद करण्याची गरज पडणार नाही. ज्याच्यावर आपण प्रेम करतो त्याला स्वतःचे आयुष्य असू द्यावे, एवढे साधे माणूसपण चाहत्यानेही जपले पाहिजे.