उद्यानातील ‘अशोक’ कोणता?

सार्वजनिक उद्यानांत वृक्षांवर नामफलक असावेत. परंतु केवळ ‘अशोक’ लिहिलेला फलक दिशाभूलच करतो. कुंपणालगतचा उंच, नागमोडी कडांच्या साध्या पानांचा, हिरवट फुलांचा वृक्ष म्हणजे आसुपालव. मोनून लाँगिफोलियम, जुने नाव पॉलिअल्थिया. अशोकारिष्टास हवा तो सीताअशोक, सराका असोका. त्याची पाने संयुक्त व पुष्पगुच्छ नारिंगी-तांबडे असतात. आसुपालवाची साल अशोकाच्या नावाने बाजारात येते आणि भरड झाल्यावर हा भेद नुसत्या डोळ्यांना कळणे कठीण. वृक्षापाशी मात्र तो सहज कळतो. म्हणून फलकावर संस्कृत, मराठी व शास्त्रीय अशी तिन्ही नावे हवीत. वैद्यबंधू-भगिनींनी व औषधनिर्मात्यांनी उद्यानात जाऊन पाने ताडून पाहावीत आणि चुकीचा फलक आढळल्यास उद्यान अधीक्षकांस लेखी कळवावे. नावातील चूक अखेर रुग्णाच्या औषधात उतरते.