सडपातळ देहातील मेद

वैद्यकविश्वात मान्यता पावलेल्या ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश नियतकालिकाने २००४ मध्ये दोन डॉक्टरांचे एक छायाचित्र प्रसिद्ध केले. एक लंडनचे प्रा. जॉन युडकिन, दुसरे पुण्याच्या रास्ता पेठेतील के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. वजन आणि उंची यांचे गणित मांडून जो देहभारांक काढतात, तो दोघांचाही अगदी एकच, २२.३. वजनकाट्याच्या लेखी दोघेही सारखेच सडपातळ. परंतु देहातील मेदाचे मोजमाप झाले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात तो ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाला. दुपटीहून अधिक! आपल्या कचेऱ्यांतून आणि शाळांतून वावरणाऱ्या, ‘आम्ही काही लठ्ठ नव्हे’ अशा समाधानात असलेल्या मंडळींनी हे दोन आकडे जवळ बाळगावेत इतके ते बोलके आहेत.

मेद अधिक असला तर बिघडले कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. तो निव्वळ साठा असता तर फारसे बिघडले नसते. आयुर्वेदाने मेदाला सप्तधातूंत स्थान दिले. आधुनिक शरीरशास्त्राने मात्र त्याला दीर्घकाळ धान्याच्या कोठारापलीकडे किंमत दिली नाही. जेवण जास्त झाले की भरावयाचे, उपासमार झाली की उपसावयाचे, एवढेच त्याचे काम मानले गेले. या समजुतीला पहिला धक्का अमेरिकेत डग्लस कोलमन यांच्या प्रयोगांनी बसला. जन्मतःच अतिलठ्ठ असणाऱ्या उंदराचा रक्तप्रवाह त्यांनी निरोगी उंदराच्या रक्तप्रवाहाशी जोडला, तेव्हा लठ्ठ उंदराचे खाणे आपोआप कमी झाले. रक्तातून काहीतरी निरोप येत होता आणि तो त्या उंदराजवळ मुळातच नव्हता. तो निरोप कोणता, हे १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील जेफ्री फ्रीडमन यांनी शोधून काढले. मेदपेशीतच निर्माण होणारे हे संप्रेरक. ‘सडपातळ’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव ‘लेप्टिन’ ठेवण्यात आले. कोठार स्वतःच शिलकेचा हिशेब वर कळवीत होते.

हा हिशेब जातो मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या लहानशा भागाकडे. मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के. पण विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी ऊर्जा खर्च करते तिचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा घेतो. प्रत्येक पेशीत ऊर्जेची शिल्लक पाहणारे ‘ए. एम. पी. के.’ नावाचे एक विकर असते. शिल्लक घटली की ते जागे होते, पेशीची उधळपट्टी थांबविते आणि इंधन जाळण्याचा हुकूम देते. लेप्टिनची करामत अशी की, हेच विकर ते स्नायूंत जागे करते आणि हायपोथॅलॅमसमध्ये निजविते. स्नायूंत त्यामुळे मेद जळू लागतो. मेंदूत ‘शिल्लक पुरेशी आहे’ असे समजून भूक मंदावते. एकच निरोप आणि दोन ठिकाणी त्याचे दोन उलट अर्थ. पण फलित एकच. मेदपेशींतूनच येणारे ‘ॲडिपोनेक्टिन’ हे दुसरे संप्रेरक उंदरांतील प्रयोगांत याच्या विरुद्ध वागताना दिसले. उपाशी अवस्थेत ते वाढते, हायपोथॅलॅमसमधील तेच विकर जागे करते आणि भूक वाढवून खर्च आवरते.

एक-दोन दिवसांच्या कडक उपासाने मेद नाममात्रच घटतो, पण रक्तातील लेप्टिन मात्र झपाट्याने उतरते. दुष्काळाची चाहूल मेंदूला अशी आधीच लागते. (साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे लाडू आणि बटाट्याचा कीस यांनी साजऱ्या होणाऱ्या एकादशीचा येथे संबंध नाही, हे सांगावयास नकोच.) वजन उतरविण्याचा निर्धार केलेला मनुष्य महिन्याभरात का ढेपाळतो, याचे एक कारण येथे आहे. त्याला दुबळ्या मनाचा म्हणून हिणविणे सोपे असते. पण त्याच्या मेंदूपुढे रोज टंचाईचा अहवाल येत असतो. उलट, लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन मुबलक असते, तरी मेंदूच्या पेशी त्याला दाद देत नाहीत. म्हणूनच लेप्टिनची सुई टोचून लठ्ठपणा घालविण्याची आशा फोल ठरली. जन्मतःच ते नसणाऱ्या अगदी थोड्या मुलांना मात्र त्याने नवे आयुष्य दिले.

पुण्याचा या कथेशी संबंध याहून खोल आहे. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती मातांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा माग ठेवला. या खेड्यांतील बाळांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंत आणि अवयवांत लहान भरली. पाठीवरच्या त्वचेखालचा मेद मात्र त्या मानाने टिकून होता. पुणे आणि लंडन येथील नवजातांच्या नाळेतील रक्ताची तुलना २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. जन्मवजनाच्या हिशेबाने पाहता पुण्याच्या बाळांत लेप्टिन आणि इन्शुलिन दोन्ही अधिक होती. ‘कृश पण मेदयुक्त’ भारतीय बालक ही कल्पना जगाला पुण्याने दिली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

जन्माच्या वेळच्या या लेप्टिनला विशेष महत्त्व आहे. उंदराच्या नवजात पिलांत ते हायपोथॅलॅमसमधील भुकेच्या मज्जातंतूंची जोडणी होण्यास मदत करते, असे २००४ मध्ये दाखविण्यात आले. उंदराचा न्याय माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे. तथापि मातेच्या पोटातील महिन्यांकडे पाहण्याची दृष्टी त्याने बदलली.

एवढे ज्ञान हाती असताना आरोग्यतपासणी मात्र पुष्कळदा वजनकाट्यापाशीच संपते, हे विचित्र आहे. देहभारांक २३ झाला की आशियाई माणसाने सावध व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्येच सुचविले. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० च्या आत असावी, असा संकेत येथील तज्ज्ञांनी दिला. शिंप्याची फीत काही महाग नसते! तरीही पोटावरून सदरा ताणलेला सडपातळ हातापायांचा लिपिक निर्धास्तपणे घरी परततो आणि साखर वाढल्याचे त्याला कधीतरी दुसऱ्याच दुखण्याच्या निमित्ताने कळते.

त्या सहा खेड्यांतील मुले अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. मुलग्यांत सुमारे ३७ टक्के आणि मुलींत सुमारे १८ टक्के जणांच्या रक्तातील साखरेचा समतोल ढळू लागलेला आढळला. आणि यातील बहुतेक मुले लठ्ठ तर नव्हतीच, कित्येक चक्क हडकुळी होती. याच पिढीतील किशोरवयीन मुलामुलींना ब-१२ जीवनसत्त्व देऊन त्यांच्या भावी अपत्यांवर होणारा परिणाम पाहण्याचा प्रयोग २०१२ मध्ये सुरू झाला. ज्यांच्या मातांपासून हे काम आरंभले गेले, त्या मुली त्यानंतर स्वतः माता झाल्या आणि त्यांच्या बाळांच्या नाळेतील रक्तही तपासले गेले.