शिकवल्याने गिऱ्हाईक तुटत नाही

आपल्या मंडळाच्या अनेक घरांतील लेकी-सुना ब्युटी पार्लर चालवतात. बिदर, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद, कलबुर्गी, कुठेही जा, घराच्या पुढच्या खोलीत आरसा आणि खुर्ची मांडून हा व्यवसाय चालतो. मला मेकअपमधले कळत नाही, पण बँकेत अनेक वर्षे कर्जखाती सांभाळल्यामुळे धंदा कुठे अडतो ते कळते. त्याविषयी थोडे लिहितो.

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली. तिच्या 'शिशु' गटात ५० हजार रुपयांपर्यंत विनातारण कर्ज मिळते. आमच्या शाखेतून एका भगिनीने असेच कर्ज घेतले होते. लग्नसराईत तिचे हप्ते वेळेवर येत आणि आषाढ लागला की थांबत. एकदा तर हप्त्यासाठी तिने अंगठी गहाण ठेवली. मी विचारले, "ताई, नवरीचा मेकअप एकदाच होतो. त्या मुली नंतर तुमच्याकडे का येत नाहीत? त्यांना रोजचा मेकअप तरी शिकवा." ती म्हणाली, "साहेब, सगळं शिकवून टाकलं तर त्या माझ्याकडे कशाला येतील?"

ही भीती मी बऱ्याच जणींकडून ऐकली आहे. माझा अनुभव उलट आहे. आम्ही काउंटरवर ज्या माणसाला हाताला धरून पैसे काढायची स्लिप भरायला शिकवले, तो पुढे स्वतः स्लिप भरू लागला, पण बँक बदलून गेला नाही. भावाला, मेहुण्याला घेऊन आला. ज्याने शिकवले त्याच्यावर माणसाचा विश्वास बसतो.

मोठ्या व्यापारातही हेच दिसते. फाल्गुनी नायर या कोटक महिंद्रा समूहात बँकर होत्या. २०१२ मध्ये त्यांनी नायका सुरू केली. माल विकण्याबरोबरच तो कसा वापरायचा हे दाखवणारे व्हिडिओ आणि लेख त्यांनी ग्राहकांना दिले. अमेरिकेत एस्टी लॉडर या बाई त्याच्या कितीतरी आधी सलूनमध्ये बसलेल्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर क्रीम लावून दाखवत आणि मग विकत.

आता कोणी म्हणेल, मोबाईलवर हजारो व्हिडिओ आहेत, आमच्याकडून कोण शिकणार? पण मुंबईतल्या एसी खोलीत केलेला व्हिडिओ आपल्याकडच्या मे महिन्यात, ४० अंशांच्या वर पारा गेल्यावर, मांडवात कामाला येत नाही. आपल्या भागाची गरज वेगळी आहे आणि ती तुम्हालाच ठाऊक आहे. म्हणून 'मेकअप क्लास' असा मोघम फलक न लावता एका वेळी एकच विषय घ्यावा. जाणकार भगिनींना विचारून काही विषय काढले आहेत:

१. घामात टिकणारा मेकअप: थर पातळ ठेवणे, घाम आधी टिपून घेणे, पावडर न घासता दाबून लावणे.
२. सावळ्या रंगाला जुळणारे फाउंडेशन: छटा हातावर न पाहता जबड्याच्या कडेला, दिवसाच्या उजेडात पाहणे.
३. नऊवारी, नथ आणि खोप्याला शोभेल असा साज. तसेच कन्नड पद्धतीच्या लग्नातला साज.
४. चष्मा लावणाऱ्यांसाठी आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांसाठी साधा मेकअप.

शिकवताना अर्धा चेहरा आपण करावा आणि उरलेला अर्धा तिच्या हाताने करवून घ्यावा. नुसते बघून हात बसत नाही. घरी गेल्यावर तिला दोन मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवावा, मराठीत आणि कन्नडमध्येही. आपल्याकडे गिऱ्हाईक दोन्ही भाषांचे असते.

वेळ कोणती? आषाढ. लग्ने नसतात, खुर्ची रिकामी असते. तेव्हा शिकलेली नवी सून श्रावणात मंगळागौरीला स्वतः तयार होते आणि चारजणी तिला विचारतात, "कुठे शिकलीस?" त्याहून चांगली जाहिरात नाही.

थोडा हिशेब मांडतो. समजा, एका नवरीचे ५,००० रुपये मिळाले आणि ती परत आली नाही. दुसरी तुमच्याकडे शिकली आणि महिन्याला ३०० रुपयांच्या थ्रेडिंग-फेशियलला येत राहिली. वर्षाचे ३,६०० झाले, दोन वर्षांत ७,२००. शिवाय तिची बहीण आणि जाऊ आली ती वेगळीच. बँकेचा हप्ता दर महिन्याला असतो, म्हणून उत्पन्नही दर महिन्याला हवे.

सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे विश्वास. गोरे करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते. अकोल्यात आणि केरळमधील मलप्पुरम येथे असे रुग्ण आढळल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. बिनलेबलची डबी कोणी कितीही स्वस्त दिली तरी घेऊ नका आणि गिऱ्हाइकालाही लेबल वाचायला शिकवा. नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस पाहावी. काजळ आणि लिपस्टिक ज्याची त्याने वापरावी. चट्टे किंवा पुरळ दिसले तर "हे माझे काम नाही, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा" असे सरळ सांगावे. त्या दिवशीचे २०० रुपये जातील, पण ती बाई तुमची होईल.

प्रत्येकीसाठी वहीत एक पान ठेवा: त्वचा कशी, कोणती छटा लागली, कशाची ॲलर्जी, शेवटची तारीख. आमच्या लेजरसारखेच. आणि विचारल्याशिवाय कोणाचाही फोटो स्टेटसला टाकू नका. आपली गावे लहान आहेत.

ज्यांना आधी स्वतः नीट शिकायचे आहे त्यांनी जिल्ह्याच्या आरसेटी संस्थेत चौकशी करावी. तेथे बँकांच्या मदतीने मोफत प्रशिक्षण मिळते. या कल्पनेची सुरुवात आपल्याच कर्नाटकात, १९८२ मध्ये उजिरे येथे, धर्मस्थळ संस्थान, सिंडिकेट बँक आणि कॅनरा बँक यांच्या पुढाकाराने झाली.

त्या भगिनीने पुढच्या आषाढात शेजारच्या सहाजणींना घेऊन क्लास सुरू केला. त्या वर्षी तिचा एकच हप्ता उशिरा आला. अंगठी दिवाळीपूर्वी सुटली, हे तिने शाखेत येऊन हात पुढे करून दाखवले.