फोडणीचा धूर आणि छातीतला अलार्म

अमेरिकेत नव्यानं संसार थाटलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबानं हा प्रसंग अनुभवलेला असतो. आमटीला फोडणी घालावी, मिरची जरा जास्त तडतडावी आणि छतावरचा स्मोक अलार्म किंचाळू लागावा! मग एक जण खुर्चीवर चढून टॉवेल हलवतो, दुसरा खिडक्या उघडत सुटतो. अलार्मचा आवाज अगदी खरा असतो. आग मात्र कुठेच नसते.

आजचा विषय हाच आहे. फक्त हा अलार्म छतावर नाही, आपल्या छातीत वाजतो.

ऑक्टोबर २०२२ मधला एक शनिवार. आम्ही चौघं मेरीलँडमधल्या आमच्या घरून ओशन सिटीला निघालो होतो. वाटेत चेसापीक बे ब्रिज लागतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: सुमारे ४.३ मैल लांब, मधोमध पाण्यापासून १८० फुटांहून उंच, आणि थांबायला कडेला जागा नाही. या पुलावरून मी याआधी वीसएक वेळा तरी गेलो असेन. त्या दिवशी मात्र मध्यावर आलो आणि अचानक छातीत धडधडू लागलं. बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, हात घामानं ओले झाले. ‘आता आपण मरणार आणि गाडीसकट सगळ्यांना घेऊन जाणार,’ एवढा एकच विचार डोक्यात होता. कसाबसा पूल पार केला, गाडी बाजूला घेतली. बायकोनं ९११ ला फोन केला.

इस्पितळात ईसीजी झाला, रक्त तपासलं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, “तुमचं हृदय ठणठणीत आहे. हा पॅनिक अटॅक दिसतो.” खरं सांगू? मला आनंद व्हायच्या ऐवजी अपमान वाटला. २००३ साली दोन बॅगा घेऊन एमएस करायला आलेला, आज वीस माणसांची टीम सांभाळणारा मी काय घाबरट आहे?

मग सुरू झाली टाळाटाळ. आधी पूल टाळला. मग हायवे. मग मधली लेन. दर वेळी नवीन सबब: गुडघा दुखतोय, चष्म्याचा नंबर बदललाय. नोव्हेंबरात मुलाची बुद्धिबळाची स्पर्धा होती, सॉल्सबरीला, म्हणजे पुलापलीकडे. मी ऑफिसच्या कामाचं निमित्त सांगून घरी बसलो. बायको घेऊन गेली. मुलगा ट्रॉफी घेऊन परतला आणि त्यानं मला विचारलं, “बाबा, तुमचं काम झालं का?” त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या रात्री आमची साताऱ्याची एक मावशी आठवली. पुण्याला एसटीनं जायचं म्हटलं की तिला मळमळायचं, छाती धडधडायची. घरातले म्हणायचे, “तिला गाडी लागते.” दृष्ट काढून झाली, अंगारे लावून झाले. पुढे पुढे ती लग्नामुंजींनाही येईना. शेवटी तर कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही एकटी जात नसे. ‘गाडी लागते’ म्हटलं की पुढचे प्रश्न मिटत. मावशीचं अर्धं आयुष्यही त्यातच मिटलं.

हे काही अमेरिकन फॅड नाही. अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांमध्ये निरोगी हृदय असूनही छातीत धडधड आणि धाप दिसते, हे डॉ. जेकब डा कोस्टा यांनी १८७१ सालीच लिहून ठेवलं होतं. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ आणि सतत काळजी करण्याचा ‘जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर’ हे दोन वेगळे विकार मानले गेले. शिवाय चारचौघांत बोलण्याची, विशिष्ट वस्तूंची वा जागांची अवास्तव भीती हीसुद्धा याच कुळातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ साली जगात सुमारे ३० कोटी लोकांना चिंताविकार होता.

काळजी तर सगळ्यांनाच वाटते. मग विकार कधी म्हणायचा? काळजी आवरता येत नाही, महिनोन्‌महिने टिकते आणि तिच्यामुळे झोप, नोकरी, घर यांवर परिणाम होतो तेव्हा.

झटक्यात नेमकं काय घडतं? अ‍ॅड्रिनलीन उसळतं, हृदय जोरात चालतं. आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, म्हणून मुंग्या आणि चक्कर. त्या मुंग्यांनाच आपण ‘हार्ट अ‍ॅटॅक’ समजतो, आणखी घाबरतो, आणखी अ‍ॅड्रिनलीन. आपल्या गणेशोत्सवात माइक स्पीकरजवळ नेला की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते ना? तसंच हे. आम्ही इंजिनिअर याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी पॅनिकच्या बाबतीत हे चक्र १९८६ मध्ये नेमकेपणानं मांडलं.

आणि टाळाटाळ? तीच खरी खतपाणी घालते. अलार्म वाजताच दर वेळी घर सोडून पळालो, तर ती फोडणी होती हे आपल्याला कळणार कधी?

उपचार याच तर्कावर उभे आहेत. कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे सीबीटी, साधारण १२ ते १६ बैठकांची असते. आमच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच महिन्यात मला बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, खुर्चीवर गरगर फिरवलं. छाती धडधडली, चक्कर आली, आणि मी मेलो नाही! मग गृहपाठ: हायवेवर एक एक्झिट, पुढच्या आठवड्यात दोन, मग तीन. झटका आला तरी परत फिरायचं नाही, तो ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. तो काही मिनिटांत शिखर गाठतो आणि आपोआप उतरतो.

औषधांबद्दल आपल्या लोकांत फार गैरसमज आहेत. सर्ट्रालीन, एस्सिटॅलोप्राम यांसारख्या गोळ्यांची नशा नसते, पण गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात आणि त्या डॉक्टरांना न विचारता एकदम बंद करायच्या नसतात. झॅनॅक्सच्या जातीतल्या गोळ्या मात्र लगेच काम करतात आणि सवयही लावतात. २०२० साली अमेरिकन औषध प्रशासनानं त्यांच्यावरची इशाऱ्याची चौकट अधिक कडक केली ती त्यामुळेच. तेव्हा पाहुण्यांच्या पर्समधली गोळी ‘एक घेऊन बघ’ म्हणून घेऊ नका. प्राणायाम, चालणं, कॉफी कमी करणं यांचा उपयोग होतो, मलाही झाला. पण पुलावर जाण्याचं काम प्राणायाम आपल्या वतीनं करत नाही!

एक महत्त्वाची सूचना. पहिल्यांदाच छातीत दुखलं तर ‘पॅनिक असेल’ म्हणून घरी बसू नका, इस्पितळ गाठा. थायरॉइडही तपासून घ्या, त्यानंही अशीच धडधड होते. हृदय ठीक निघालं तर मात्र तिथेच थांबू नका. २०२३ पासून अमेरिकेत ६४ वर्षांपर्यंतच्या प्रौढांची चिंताविकारासाठी चाचपणी करावी अशी अधिकृत शिफारस आहे. फॅमिली डॉक्टरांकडचा सात प्रश्नांचा कागद प्रामाणिकपणे भरा. मी पहिल्यांदा सगळीकडे ‘मुळीच नाही’वर खूण केली होती. सहा महिने वाया गेले ते त्यामुळे.

मुलाला मी सगळं सांगितलं, २०२३ च्या उन्हाळ्यात. तो एवढंच म्हणाला, “मग आधी का नाही सांगितलंत?” सप्टेंबरात आम्ही दोघंच पुलावरून गेलो. मध्यावर हात घामेजले, छाती धडधडली. तो शेजारी बसून मोठ्यानं खांब मोजत होता. पलीकडे पोचलो, कॉफी प्यायलो (माझी डीकॅफ!) आणि त्याच पुलावरून परत आलो.

अजूनही कधीकधी अलार्म वाजतो. आता मी खुर्चीवर चढून टॉवेल हलवत नाही, खिडक्याही उघडत नाही. फोडणी आहे हे मला माहीत असतं.

मंडळी, आपल्या पुढच्या पॉटलकला कुणी सारखं दाराजवळच बसत असेल, कुणी ‘हल्ली रात्री गाडी चालवत नाही’ म्हणत असेल, तर चेष्टा करू नका. बाजूला घेऊन विचारा. मावशीला कुणी विचारलं नव्हतं.