गावे महापालिकेत : वसईच्या वादाचे मर्म

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदांबरोबर ५३ गावेही तिच्यात समाविष्ट झाली. अनेक गावांनी तीव्र विरोध केला, आंदोलने झाली. २०११ साली शासनाने काही गावे वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका उच्च न्यायालयात गेली व त्यास स्थगिती मिळाली. पुढे २०२४ साली शासनाने २९ गावे महापालिकेतच ठेवण्याचे ठरविले. हा वाद नेमका कशासाठी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

समावेशाच्या बाजूने असलेले म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. पाणीपुरवठा, रस्ते, मलनिःसारण व कचरा हे प्रश्न गावाच्या वेशीपाशी थांबत नाहीत, आणि त्यांचा खर्च लहान ग्रामपंचायतीस पेलवत नाही. दुसरीकडे वाडीत राबणाऱ्या शेतकऱ्याला भीती वाटते ती करवाढीची, बावखले बुजण्याची, विहिरी खाऱ्या होण्याची. याशिवाय आणखी एक गोष्ट हातची जाते. ग्रामसभेत गावचा प्रत्येक मतदार सभासद असतो. महापालिकेत त्याच्या वतीने नगरसेवक बोलतो. शिवाय २०२० नंतर कित्येक वर्षे येथील कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात गावकऱ्यांना ग्रामसभाही नव्हती आणि नगरसेवकही नव्हता.

मात्र केवळ ग्रामपंचायत राहिली म्हणजे हिरवाई वाचली, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. जमिनीचा वापर ठरतो तो विकास आराखड्यात. १९९० साली या परिसराचे नियोजन सिडकोकडे सोपविण्यात आले, तेव्हा या गावांत ग्रामपंचायतीच होत्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई चळवळीला म्हणूनच आराखड्याशी झुंज द्यावी लागली.

महापालिकेची हद्द ठरविताना अधिसूचनेचा मसुदा आधी प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु हरकत म्हणजे संमती नव्हे. अंतिम निर्णय शासनाचाच. यामुळेच हरकत मोघम असून चालत नाही. मसुदा असो वा आराखडा, तो प्रत्यक्ष पाहावा. आपली वाडी, बावखल, विहीर यांचा सर्व्हे क्रमांक नोंदवून मुदतीत लेखी हरकत द्यावी व तिची पोच जपून ठेवावी. मोर्चातील घोषणा हवेत विरते. कागदावरील हरकतीची मात्र शासनाला दखल घ्यावी लागते.